धनी आणि त्याचा कुत्रा

सकाळी सहाच्या सुमारास पुण्यातल्या कोणत्याही टेकडीवर जावे. तेथे भेटणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांच्या हाती हल्ली एक पट्टा असतो आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला एक कुत्रा असतो. आम्ही विद्यार्थी होतो त्या काळी हे दृश्य लष्कर भागात पाहावयास मिळे. सदाशिव-नारायण पेठांत कुत्रा असलाच तर तो वाड्याच्या दाराशी बांधलेला असे, आणि त्याचे काम भुंकण्याचे असे. त्यास घेऊन फिरावयास जाणे हा प्रकार कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आज शाळकरी मुलापासून पेन्शनर गृहस्थापर्यंत सर्वांच्या हे अंगवळणी पडले आहे. परंतु या फेरफटक्यात एक गोष्ट आमच्या कानास नेहमी खटकते. ही सारी मंडळी आपसांत मराठी बोलतात, मुलांस मराठीत रागे भरतात, भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात. कुत्र्याकडे वळली की मात्र 'सिट', 'स्टे', 'नो', 'कम हिअर' अशी इंग्रजी सुरू होते. ज्या आजीबाईंस उभ्या जन्मात इंग्रजी बोलण्याचा प्रसंग आला नसेल, त्याही नातवाच्या कुत्र्यास 'गो, गो' म्हणून दटावताना आम्ही ऐकल्या आहेत.

हा केवळ फॅशनचा भाग आहे असे म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. आमचा तर्क निराळा आहे. ज्या व्यवहाराची भाषा आपल्या वाङ्मयाने घडविली नाही, तो व्यवहार परक्या भाषेत चालतो. कुत्र्याला वळण लावणे, चार माणसांत आणि चार कुत्र्यांत वावरावयास त्याला शिकविणे, त्याच्यासह रानात हिंडणे, यांविषयी मराठीत मन लावून लिहिलेले असे फारच थोडे आमच्या पाहण्यात आले. म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही या विषयावरील काही युरोपीय पुस्तके मुद्दाम काढून बसलो. त्यांतील तीन ललित म्हणून प्रसिद्ध आहेत, बाकीची व्यवहारोपयोगी. त्यांविषयी येथे लिहावयाचे आहे. या वाचनामागे आमचा एक खाजगी हेतूही होता. तो ओघात येईल.

आधी घरचे पाहू. महाभारताच्या आरंभी एक कुत्रा मार खातो आणि शेवटाजवळ एक कुत्रा मागे मागे चालतो. जनमेजय व त्याचे भाऊ कुरुक्षेत्रावर सत्र करीत असता सरमेचे पिल्लू तेथे आले आणि राजाच्या भावांनी त्यास बडविले. ते रडत आईकडे गेले. सरमा यज्ञमंडपात येऊन विचारते: याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, कोणताही अपराध केला नाही, मग यास का मारले? कोणी उत्तर देत नाही, आणि ती देवांची कुत्री त्यांस अदृष्ट भयाचा शाप देऊन निघून जाते. कुत्र्यास शिक्षा करण्याविषयी इतका मूलगामी प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी विचारलेला आम्हांस ठाऊक नाही. मधे आदिपर्वातच पांडवांचा एक कुत्रा मृगयेस जातो, एकलव्यावर भुंकतो आणि तोंडात सात बाण घेऊन परततो. सर्वांचे लक्ष धनुर्विद्येकडे लागते. त्या कुत्र्याचे पुढे काय झाले, याची चौकशी कोणी करीत नाही. आणि अखेरीस ते महाप्रस्थान. पाच भाऊ, द्रौपदी आणि सातवा कुत्रा. ना त्यास नाव, ना पट्टा. वाटेत एकेक जण गळून पडतो. तो मात्र चालत राहतो. कुत्र्यासह केलेला याहून मोठा प्रवास जगाच्या वाङ्मयात नसावा. युधिष्ठिर त्यास टाकून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारतो, तेव्हा वाचणाऱ्याचा कंठ दाटून येतो.

पण लगेच तो कुत्रा साक्षात् धर्म असल्याचे उघड होते. परीक्षा पुरी झाली, पुत्र उत्तीर्ण झाला, आणि कुत्रा? कुत्रा नाहीसा झाला. कुत्र्याच्या जागी देव उभा राहिला म्हणजे कुत्र्याचा गौरव झाला, असे आपण परंपरेने मानीत आलो. भाविकांनी राग मानू नये, परंतु आमच्या मते तेथे कुत्रा हरवला. दत्तमूर्तीच्या पायांशी चार कुत्रे आहेत, ते चार वेद आहेत. नामदेवांच्या हातची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कारण तो कुत्रा विठ्ठल होता. या कथांतील करुणा थोर आहे, यात शंका नाही. मात्र ती कुत्र्यातून आरपार पलीकडे पाहते. त्याच्यावर नजर ठरत नाही. देव नसलेल्या, नुसत्या कुत्र्याच्या वाट्यास आमच्या भाषेत आल्या त्या शिव्या आणि म्हणी. शेपूट बारा वर्षे नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, ही आमची श्वानशिक्षणाची समग्र मीमांसा! शेपूट वाकडे असणे हा दोष आहे हे कोणी ठरविले, आणि ते सरळ करण्याचा खटाटोप कोणी कशासाठी मांडला, हे त्या म्हणीला कोणी विचारले नाही.

एवढे मात्र खरे की याच भाषेत 'माणसाळणे' हा शब्द आहे, आणि त्यास तोडीचा इंग्रजी शब्द आम्हांस सापडत नाही. त्याची गोष्ट पुढे येईलच.

ग्रीकांची दृष्टी प्रारंभापासून निराळी होती. झेनोफन हा सेनानी व इतिहासकार. त्याने शिकारीवर जो प्रबंध लिहिला त्यात कुत्र्यांची नावे आखूड असावीत, म्हणजे हाक मारणे सोपे जाते, असे सांगून सत्तेचाळीस नावांची यादीच दिली आहे. त्याच्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहासकार आरियन याने त्याच विषयावर पुरवणी जोडली, आणि तीत आपल्या स्वतःच्या होर्मी नावाच्या कुत्रीविषयी काही ओळी लिहिल्या. ती ओळख म्हणजे या साऱ्या वाङ्मयाचे उगमस्थान. आरियन व्यायामास निघाला की ती बरोबर निघे, पुढे धावे, आणि तो वाट सोडून वळला तर नाही ना, हे पाहण्यासाठी वारंवार मागे वळून बघे. तिच्या लहानपणी तिला कधी चाबकाचा मार बसला होता. त्यामुळे पुढे कोणी नुसता चाबकाचा शब्द उच्चारला तरी ती उच्चारणाऱ्याजवळ जाऊन अंग चोरून बसे आणि विनवणी करी. मनुष्य एका दिवशी जे विसरतो ते जनावर जन्मभर स्मरते, हे एपिक्टेटसच्या या शिष्याच्या नजरेतून सुटले नाही. सरमेच्या प्रश्नास जणू तिकडून उत्तर आले.

आता मुख्य पुस्तकांकडे वळू. टोमास मान या जर्मन कादंबरीकाराने १९१८ साली, पहिले महायुद्ध अखेरच्या घटका मोजीत असता, राजकीय चिंतनाचा एक जाडजूड ग्रंथ हातावेगळा करून 'धनी आणि कुत्रा' हे लहानसे पुस्तक लिहावयास घेतले. ते १९१९ साली प्रसिद्ध झाले. बाहेर साम्राज्ये कोसळत असता हा गृहस्थ रोज सकाळी म्युनिकबाहेर इझार नदीच्या काठी कुत्र्यास घेऊन हिंडतो आणि त्या हिंडण्याचे वर्णन करतो. आरंभी आम्हांस याचा थोडा रागच आला. परंतु पुस्तक संपविल्यावर असे वाटले, की त्या वर्षी त्या देशात ज्या थोड्या गोष्टींविषयी खरे लिहिता येणे शक्य होते, त्यांतली ही एक असावी.

कुत्र्याचे नाव बाउशान. जातीने शिकारी, पण रक्त पुरते शुद्ध नाही. हनुवटीवर केसांचा झुपका. डोंगराळ भागातील एका खाणावळवालीकडून तो आला, आणि नव्या घरून पळून एकदा तिच्याकडे परतही गेला. त्याच्या आधी या घरात पर्सी नावाचा उच्चकुलीन, देखणा आणि डोक्याने चक्रम असा मेंढपाळी जातीचा कुत्रा होता. पर्सीशी तुलना करताना मान यांनी जो उतारा लिहिला आहे, तो आमच्या मते या विषयावरील सर्व पुस्तकांतला सर्वांत उद्बोधक होय. भिंत, खंदक, सलग कुंपण ही बाउशानच्या मते खरीखुरी अडचण. ती तो उडी मारून ओलांडतो. धन्याने आडवी धरलेली काठी ही काही अडचण नव्हे, कारण तिच्या खालून जाता येते. तेव्हा तिच्यावरून उडी मारणे हा शुद्ध वेडेपणा! त्यास गोंजारा, दरडावा, वाटल्यास मारा. तो ओरडेल, पण उडी मारणार नाही. मानेस धरून पलीकडे फेकले, तर पलीकडे पडताच असा आनंदाने नाचू-भुंकू लागेल, की जणू धन्याचे जे काही मागणे होते ते यथासांग पार पडले.

हा उतारा वाचून प्रथम हसू येते. मग लक्षात येते, की येथे एका बुद्धिमान मनुष्याने कुत्र्याच्या बुद्धीस हात टेकले आहेत, आणि त्याविषयी त्यास खेद नाही. बाउशानला शिकवता आले नाही म्हणून तो मूर्ख ठरत नाही. उलट काठीचा अर्थ कळला आहे तो त्यालाच, असे वाटू लागते. असेच दुसरे स्थळ कुत्र्यांच्या भेटीचे. फिरता फिरता समोरून दुसरा कुत्रा येतो. दोघांच्याही अंगी एकाएकी एक चमत्कारिक संकोच येतो. पाय ताठरतात, नजर चुकविली जाते, पुढे जाता येत नाही व सोडूनही जाता येत नाही. मान सूक्ष्मपणे सर्व टिपतात आणि शेवटी कबूल करतात, की या विधीचा अर्थ आपणांस कळलेला नाही. कादंबरीकारास असे कबूल करणे किती अवघड जाते, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांस सांगावयास नको. महाभारतात कुत्र्याचा अर्थ लागतो आणि कुत्रा जातो. येथे अर्थ लागत नाही, म्हणूनच कुत्रा उरतो.

या फिरण्याच्या जागेत एक विनोद दडलेला आहे, तो साहित्याच्या प्राध्यापकास विशेष झोंबणारा. त्या रानात पूर्वी कोणा कंपनीने वसाहत करण्याचे योजून रस्ते आखले होते व त्यांस जर्मन कवींची नावे दिली होती. वसाहत झाली नाही. रस्त्यांवर झुडपे माजली. कवींच्या नावांच्या पाट्या तेवढ्या खांबांवर गंजत राहिल्या. त्या कवींच्या नावांखालून बाउशान उंदीर उकरीत जातो.

तथापि मान यांचे पुस्तक निर्दोष आहे असे नव्हे. त्यांत धनीपणाची ऐट पुष्कळ आहे. एकदा नदीकाठी एक बंदूकवाला बाउशानच्या देखत बदक पाडतो आणि त्या पराक्रमाने बाउशान भारून जातो. त्याच्या दृष्टीने पाणी न्याहाळीत हिंडणाऱ्या धन्याची किंमत उतरते. धनी त्यावर असा रुसतो, की घरी परतेपर्यंत त्याची कटुता जात नाही. लेखक हे स्वतःवर हसत सांगतात खरे, पण त्या हसण्याखाली जखम खरी असावी, असा आम्हांस संशय आहे.

व्हर्जिनिया वुल्फ यांचे 'फ्लश' (१९३३) याहून कितीतरी लोकप्रिय झाले. कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांच्या स्पॅनियल कुत्र्याचे हे कल्पित चरित्र. आमचे मत या पुस्तकाविषयी प्रचलित स्तुतीहून थोडे वेगळे आहे. त्यातील पुष्कळ पानांत कुत्रा हे निमित्त असून खिडकी त्याच्या डोळ्यांची, पण दृश्य बाईंच्या प्रेमप्रकरणाचे, अशी स्थिती आहे. मात्र दोन ठिकाणी लेखिकेची प्रतिभा खरोखर कुत्र्याच्या पातळीवर उतरते. फ्लश खेड्यातल्या शेतांतून लंडनला येतो आणि आजारी बाईंच्या बंद खोलीत पलंगाच्या पायथ्याशी निश्चल पडून राहण्यास शिकतो. ही त्याची शाळा. कोणी मारले नाही, दरडावले नाही. प्रेमाने प्रेमासाठी त्याने ऊन, वारा आणि धावणे सोडले. शिक्षणाची ही पद्धत सौम्य दिसते म्हणून कमी निर्दय ठरत नाही, हे वुल्फबाईंनी न बोलता दाखविले आहे. दुसरे स्थळ फ्लॉरेन्सचे. लंडनच्या रीजंट्स पार्कात साखळीवाचून कुत्रा फिरवू नये असा नियम. इटलीत साखळीच नाही. तेथे फ्लश एकटा गल्लीबोळ हुंगीत हिंडतो, आणि डोळ्यांच्या जगाहून वासाचे जग किती मोठे आहे याचे जे वर्णन येते, तेवढ्यासाठी तरी हे पुस्तक वाचावे. चोरीच्या प्रकरणाची पुष्कळ तारीफ होते; वास्तविक फ्लश तीनदा चोरीस गेला होता, लेखिकेने सोयीसाठी त्याची एक चोरी केली. आम्हांस ते प्रकरण नाटकी वाटले.

तिसरे पुस्तक जे. आर. अॅकर्ली यांचे 'माय डॉग ट्यूलिप', साल १९५६. हे गृहस्थ बी. बी. सी.च्या 'लिसनर' साप्ताहिकाचे अनेक वर्षे वाङ्मयीन संपादक होते. पुस्तकातील काही प्रकरणे घरच्या मंडळींत मोठ्याने वाचण्याजोगी नाहीत, हे प्रथमच सांगून ठेवतो. शहरातील रस्त्यावर कुत्र्याने मलमूत्रविसर्जन कोठे करावे यावर एक सबंध प्रकरण आहे, आणि ट्यूलिपसाठी नवरा शोधण्याची खटपट तर अर्धे पुस्तक व्यापते. परंतु या पुस्तकाइतके सत्य आम्ही दुसरीकडे वाचले नाही, आणि ज्या कारणासाठी आम्ही ही वाचनयात्रा आरंभिली ते कारण याच पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात आमच्यासमोर येऊन उभे राहिले.

ट्यूलिप ही अल्सेशियन जातीची कुत्री. अॅकर्लींनी ती घेतली तेव्हा दीड वर्षाची होती, आणि तोपर्यंतचे बहुतेक आयुष्य तिने एका घराच्या मागल्या अंगणात काढले होते. त्या घरच्या लोकांचा तिच्यावर जीव होता, पण तिला बाहेर नेण्यास कोणास सवड नव्हती. परिणाम असा, की अॅकर्ली हेच तिचे सर्व जग झाले, आणि बाकीचे सर्व जग तिचे वैरी. पशुवैद्याकडे नेले की ती असा हैदोस घाली, की एकामागून एक डॉक्टरांनी हात जोडले. शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी कुत्रीकडे क्षणभर पाहिले आणि धन्यास खोलीबाहेर जावयास सांगितले. तो बाहेर गेला. ट्यूलिप मुकाट्याने तपासून घेती झाली. कुत्रीत काही खोड नव्हती. ती त्याच्यासाठी भीत होती, त्याचे रक्षण करीत होती. सारी अडचण होती ती त्याच्या तेथे असण्याची. अॅकर्ली हे सर्व स्वतःच्या फजितीसह इतक्या निर्मळ स्वरात सांगतात, की विनोद आणि पश्चात्ताप यांची सरमिसळ होऊन जाते.

आम्ही हे प्रकरण संध्याकाळी सौभाग्यवतींस मराठी करून सांगत होतो. मागल्या अंगणापर्यंत आलो आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे आपला राजाच की." आम्ही पुस्तक मिटले.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या घरी राजा होता. तोही अल्सेशियन. पाच महिन्यांचा असताना एका परिचितांनी दिला. तोवर तो त्यांच्या गोदामात वाढला होता. चिरंजीव तेव्हा शाळेत होते व त्यांचा हट्ट होता. आम्ही प्रबंध तपासण्यात आणि परीक्षा मंडळांच्या बैठकांत गढलेले. जिन्याखाली साखळी ठोकली, भांडे ठेवले, सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यापर्यंत दहा मिनिटे नेण्याचा क्रम ठरला. तोही पावसाळ्यात मोडला. राजा माणूस दिसले की भुंके; आम्ही त्यास राखणदार म्हणून अभिमानाने मिरविले. एके दिवशी कडी निसटली आणि वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाची पोटरी त्याने फोडली. ज्या पिढीने लहानपणी पोटात चौदा इंजेक्शनांची गोष्ट ऐकलेली आहे, त्या पिढीच्या मनात कुत्र्याच्या चाव्याचे भय कोठे बसलेले असते, ते निराळे सांगावयास नको. त्या पोरास घेऊन इस्पितळात बसलो असता त्याची आई आमच्याकडे पाहत होती, बोलत काही नव्हती. आठवड्याच्या आत राजाला एका ओळखीच्यांच्या शेतावर पाठविले. 'तेथे मोकळा राहील' असे मुलास सांगितले. तेथेही तो बांधलेलाच असे, आणि वर्षाच्या आत गेला. 'कुत्रा जातीनेच हिंस्र' असे आम्ही इतकी वर्षे म्हणत आलो होतो.

ते म्हणणे किती खोटे होते हे व्यवहारोपयोगी पुस्तकांनी दाखविले. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट व फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाची दारे उघडी असतात. त्या अवधीत जे भेटते ते त्यास आपले वाटते, पुढे भेटते त्याचे भय वाटते. उंच कुंपणामागे, मनुष्याचा स्पर्श न होऊ देता चौदा आठवडे वाढविलेली पिल्ले रानटी जनावरांसारखी झाली, हे त्याच प्रयोगशाळेत दिसून आले होते. 'माणसाळणे' या आमच्या एका शब्दात हे सारे आहे. फक्त त्यास घड्याळ लावलेले नव्हते. राजा आमच्या घरी आला तेव्हा ती वेळ टळून दोन महिने झाले होते. त्यानंतरही चिकाटीने पुष्कळ करता आले असते, असे हीच पुस्तके सांगतात. ती चिकाटी आमच्यापाशी नव्हती.

शिकवणीच्या पुस्तकांचे वाङ्मयीन परीक्षण कोणी करीत नाही. करावयास हवे, कारण त्यांचे व्याकरण बोलके असते. कोनराड मोस्ट या जर्मन पोलीस अधिकाऱ्याचे १९१० सालचे पुस्तक हे या शाखेचे आदिग्रंथ. त्याचा सर्व प्रपंच आज्ञार्थावर उभा आहे. पुढे लांडग्यांच्या कळपात एक पुंड सर्वांना दाबून राज्य करतो, तेव्हा धन्याने कुत्र्यावर तसेच राज्य करावे, या मताची भर पडली. या मताचा एक आधार म्हणजे शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील कोंडलेल्या लांडग्यांवरून १९४७ साली काढलेले निष्कर्ष. रानातला कळप हा बहुधा आईबाप आणि त्यांची मुले यांचे कुटुंब असते, हे डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट लिहिले. या मेक यांच्याच पूर्वीच्या ग्रंथाने ते जुने मत लोकांत पसरविले होते. स्वतःचे मत असे जाहीर मागे घेणारे अभ्यासक आमच्या साहित्यक्षेत्रात किती सापडतील, हा वेगळा विषय. १९८० साली इंग्लंडात दूरचित्रवाणीवरून बार्बरा वुडहाउस या आजीबाईंनी कुत्र्यांचे वर्ग चालविले; कुत्रा वाईट नसतोच, शिकवणारा चुकतो, असा त्यांचा बाणा. परंतु गळ्यातील साखळीस हिसका देण्याची त्यांची रीत आता पुष्कळ शिक्षकांनी टाकली आहे, आणि घास व शाबासकी यांवर भर दिला जातो. हे योग्यच झाले. होर्मीची कथा ज्यांनी वाचली त्यांस हे सांगण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नव्हती.

या सर्वांत एक अपवादात्मक पुस्तक म्हणजे व्हिकी हर्न यांचे 'अॅडम्स टास्क' (१९८६). ही बाई कवयित्री, तत्त्वज्ञानाची अभ्यासक आणि व्यवसायाने कुत्र्याघोड्यांची शिक्षिका. पुस्तक दुर्बोध आहे, आणि कठोर शिस्तीचे तिने केलेले समर्थन आम्हांस सर्वस्वी पटले नाही. परंतु तिचा मुख्य मुद्दा टाळता येण्यासारखा नाही. शिकवणे म्हणजे दोघांमध्ये एक भाषा निर्माण करणे. आणि ज्याला आपण हुकूम देतो त्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधन आपल्यावर येते. हाक मारताच परत येण्यास शिकलेल्या कुत्र्याचा पट्टा सोडता येतो. लाडावलेल्या, न शिकलेल्या कुत्र्याला जन्मभर साखळी. म्हणजे फ्लशला फ्लॉरेन्सने जे फुकट दिले, ते इतरांस शिकून मिळवावे लागते. राजास आम्ही मारले नाही, उपाशी ठेवले नाही. त्याच्याशी एकही शब्द ठरविला नाही, इतकेच.

मराठीत या विषयावर जे थोडे आहे, त्यात पु. ल. देशपांडे यांचा 'पाळीव प्राणी' हा लेख सर्वांच्या ओठांवर आहे. तो आम्हांसही आवडतो. पण तो लेख पाहुण्याच्या बाजूचा आहे. प्राणी पाळणाऱ्यांच्या कौतुकाने जे गांजतात त्यांचा. पाळणाऱ्याची बाजू मराठीत लिहिली जावयाची आहे, आणि ती मान यांच्या अनुकरणाने लिहिता येणार नाही. इझारकाठच्या रानात बाउशानला भेटतात ते कोणाचे तरी कुत्रे. आमच्या गल्लीत प्रत्येक कोपऱ्यावर एक बेवारशी टोळी आहे, तिच्या हद्दी आहेत, तिला शिळी पोळी घालणाऱ्या एक आजी आहेत आणि दगड मारणारे एक आजोबा आहेत, व ते दोघे एकाच घरात राहतात. आमच्या कुत्र्याला लिफ्टचे दार, घंटानाद, लग्नाची वरात, दिवाळीचे फटाके आणि कुत्र्यास भिणारी मोलकरीण या सर्वांशी जुळवून घ्यावे लागते. हे कोणत्याही इंग्रजी पुस्तकात नाही.

हे आम्ही केवळ तर्काने लिहीत नाही. गेल्या वर्षी कन्येने गल्लीतल्याच कुत्रीचे दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणले. आम्ही विरोध केला; मग दोन दिवस विचार करून पट्टा विकत आणला. लसी पुऱ्या होईपर्यंत त्यास जमिनीवर सोडावयाचे नाही, म्हणून सौभाग्यवतींनी त्यास रोज कडेवर घेऊन मंडईत, शाळेच्या बसपाशी, पोस्टात नेले. वर्तमानपत्रवाल्या मुलाच्या हातून त्यास पहिले बिस्किट देवविले. ही कल्पना आमची नव्हे, त्यांची. शिकवणी मराठीत करावयाची असे आम्ही ठरविले. 'बस' आणि 'ये' आठवड्यात जमले. 'थांब' मात्र बिघडले, कारण तो शब्द आमच्या घरात सर्वजण एकमेकांस दिवसभर म्हणतात आणि कोणीच थांबत नाही. तेव्हा तेथे 'उभा' हा शब्द घ्यावा लागला. टेकडीवरची मंडळी हसतात.

परवा पहाटे वेताळ टेकडीवर वळणावर तीन भटके कुत्रे समोर आले. आमचा एकाएकी ताठरला; तेही ताठरले. कोणी कोणाकडे पाहीना. मान यांनी लिहिलेले तेच, तसेच. पट्टा ओढावा असे हातास वाटत होते. ओढला नाही, ढिला सोडला, आणि सौभाग्यवती व आम्ही दोघेही रस्त्याच्या कडेस उभे राहिलो. बऱ्याच वेळाने त्या तिघांतल्या म्हाताऱ्याने तोंड फिरवून एका दगडावर पाय वर केला. ते खाली उतरून गेल्यावर आमच्याने तो दगड पुष्कळ वेळ हुंगला.